थंड ब्रेक

रविवार, १२ नोव्हेंबर

मास्तरांचं म्हणणं, ट्रॅकवर यायचं तर रोजनिशी ठेवा. कुठे ब्रेक मारला, कुठे माती खाल्ली, सगळं लिहा, मगच सुधारणा होते. म्हणून ही वही. आणि पहिल्याच पानावर माती खाल्ल्याचं लिहायची वेळ आली आहे.

ट्रॅक म्हणजे शहराबाहेरची, विमानांनी कधीच सोडून दिलेली धावपट्टी. तिच्यावर नारिंगी कोन मांडून वळणं केलेली. आम्ही दहाबारा हौशी, रोज ऑफिसला न्यायच्याच गाड्या घेऊन आलेले. पहिल्या दोन फेऱ्या अशा गेल्या की मी आरशात स्वतःकडे एकदा बघून घेतलं. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पाय चिखलात रुतावा तसं पेडल खाली गेलं. कोन उडवत मी गवतात. एक कोन गाडीखाली अडकला, तो काढायला चौघं धावत आले. चौघंही सभ्य निघाले, कुणी हसलं नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

"ब्रेकचं ऑइल उकळलं," मास्तर म्हणाले. "पॅडही तापून गेले. घरच्या गाडीचे ब्रेक भाजी आणायला असतात हो. त्यांचा काय दोष?" मास्तर पूर्वी तांत्रिक शाळेत शिकवायचे, आता ट्रॅकवर आम्हाला. अजूनही समोरच्या प्रत्येकाला पहिल्या बाकावरचा समजतात.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "जिथून निघालास तिथेच परत यायचं, आणि त्यातही वाट चुकलास?"

बाबांनी आयुष्यभर शहराची बस चालवली. एकही अपघात नाही. हे ते स्वतःहून सांगत नाहीत, पण दुसरं कुणी सांगायला लागलं तर अडवतही नाहीत. आता रोज पहाटे आमच्या गाडीतून हिला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सोडतात. हिची ड्यूटी लवकरची आणि माझी झोप उशिरापर्यंतची, त्यामुळे हे काम आपसूक त्यांच्याकडे गेलं. त्यांना ते आवडतं. आदल्या संध्याकाळी काच पुसून ठेवतात.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे धरणारे लालभडक कॅलिपर बघितले, किंमत बघितली, आणि दुकानदाराला म्हटलं, सहज आलो होतो.

मास्तरांना फोन केला. "खिसा लहान असेल तर आधी ऑइल, मग पॅड. दिखाऊ काही नको," ते म्हणाले. "चांगलं ऑइल आणि ट्रॅकचे पॅड एवढ्यावर तुमचं काम भागेल. पण एक ऐका. हे पॅड थंड असताना झोपलेले असतात. चार-पाच वेळा दाबून तापले, की मग चावतात. सकाळी उठून ह्यांच्यावर घराबाहेर पडायचं नाही. ट्रॅकवर पोचल्यावर लावायचे, निघताना काढायचे. मैदानाचे बूट मैदानात, घरची चप्पल घरी. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. अगदी पहिल्या बाकावरच्या आवाजात.

हिला सांगितलं, सर्व्हिसिंग करून घेतोय. खोटं म्हणावं तर खोटं नाही. ती म्हणाली, "गाडीचं काय करायचं ते कर. पण घरात गाडी एकच आहे, एवढं लक्षात ठेव."

रविवार, २६ नोव्हेंबर

आजचा दिवस चौकटीत लावावा असा.

तापेपर्यंत पॅड खरंच लाकडासारखे होते, पण दुसऱ्या फेरीपासून असे धरायला लागले की पट्टा छातीत रुतत होता. दर फेरीला ब्रेक थोडा थोडा उशिरा मारत गेलो. ट्रॅकवरची सगळी मर्दुमकी ह्या एका गोष्टीत: दुसरा घाबरून पाय ठेवतो तिथे आपण ठेवायचा नाही. लाल गाडीवाला तरुण माझ्या आधी ब्रेक मारत होता. माझ्या आधी! मी चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. मास्तर म्हणाले, "बरं." त्यांचं "बरं" म्हणजे इतरांची पाठीवर थाप.

निघताना सगळे सतरंज्या टाकून चाकं काढत होते, ट्रॅकचे पॅड काढून रस्त्याचे लावत होते. माझी पाठ धरली होती. आणि खरं सांगायचं तर लाल गाडीवाल्याशी बोलण्यात वेळ गेला. दोन आठवड्यांनी परत लावायचेच आहेत, तर काढा-घाला कशाला? जुने पॅड डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवले. घरी येताना ब्रेक झकास लागत होते.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

बाबांनी विचारलं, "ब्रेक ओरडतोय रे. काय केलंस?"

"नवे आहेत. बसतील हळूहळू."

"सकाळी जरा कडक वाटला."

"सर्व्हिसिंगनंतर तसंच असतं, बाबा."

त्यांनी मान डोलावली. काल ऑफिसला जाताना पहिल्या सिग्नलला मलाही कडक वाटला होता. जोर लावून दाबला की लागतो. त्यांना सांगायला हवं होतं, पहिले काही वेळा जोरात दाबा म्हणून. पण ते सांगायचं तर पॅडचं सांगावं लागलं असतं, मग हिला कळलं असतं, मग प्रश्न. राहिलं.

ऑफिसात नेहमीचाच प्रकार. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. लोकांनी ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि लोकांच्या गोष्टी ऐकायच्या, हा माझा धंदा. आजच्या गृहस्थांनी उभ्या ट्रकला मागून धडक दिली होती. म्हणाले, "साहेब, ब्रेक लागलाच नाही." मी मनात हसलो. इतक्या वर्षांत एकानेही मला "माझं चुकलं" असं सांगितलेलं नाही. ज्याच्या त्याच्या गाडीचा ब्रेक नेमका त्याच क्षणी संपावर गेलेला असतो.

शुक्रवार, १ डिसेंबर

सकाळी हिचा फोन. "घाबरू नको. पण ये."

चपलेतच धावलो. आमची गल्ली उताराची, खाली आडवा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे बेकरी. आमची गाडी रस्ता ओलांडून बेकरीच्या पायरीवर चढली होती. शटर आत दबलेलं. बेकरीवाली त्याच वेळी शटर उघडायला वाकली होती. गाडी येताना बघून तिने बाजूला उडी मारली ती हातावर पडली. मनगट टम्म सुजलेलं. हिच्या कपाळावर टेंगूळ. आडव्या रस्त्यावरून त्या क्षणी काही येत नव्हतं. सगळे वाचले त्यात ह्यापलीकडे कुणाचंही कर्तृत्व नाही.

बाबा पायरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "माझा पाय उशिरा पडला रे."

एवढंच. दुसऱ्या कशाला बोट लावलं नाही. रस्ता ओला होता म्हणाले नाहीत, ऊन डोळ्यांवर आलं म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेही आमच्याच घरच्या माणसाकडून.

बेकरीवालीला दवाखान्यात नेलं. हाड मोडलेलं नाही, पण हात काही आठवडे गळ्यात. मग गाडी घरी आणली. येताना ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघितला. व्यवस्थित लागला. ऑइल पूर्ण, गळती नाही. बाबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, मी तपासले, ब्रेक ठीक आहेत.

*दुपारी.* परत लिहायला बसलोय. ब्रेक ठीक आहेत, हे चार-पाच वेळा दाबल्यावर. बाबांनी उतारावर दाबला तो आजच्या सकाळचा पहिलाच. आधीच्या चार सकाळी जोर लावून निभावलं; काल रात्री थंडी एकदम वाढली, गाडी रात्रभर उघड्यावर, आणि उतार.

शनिवार, २ डिसेंबर

ताई आली. ताई थोरली, आमच्या घरातले सगळे निर्णय ती चहा निवायच्या आत घेते.

"बाबा, आता पुरे. तुम्ही सत्तरी ओलांडलीत. देवाने वाचवलं म्हणायचं आणि थांबायचं. उद्या कुणी पोर मधे आलं तर?"

मला वाटलं होतं बाबा भांडतील. ते उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "घे. पाय आपलं ऐकतोय तोवरच ड्रायव्हर. नंतर नुसताच म्हातारा."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात ताई म्हणाली, "ह्याच्याकडून शिका सगळ्यांनी. गाडीची वाट लागली, बेकरीचं शटर भरून देणार, पण बाबांना एका शब्दाने बोलला नाही."

मी तोंड मिटलं. आणि शिवाय मान खाली घातली, जशी कौतुक ऐकून विनयाने घालतात तशी. मला माझीच किळस आली.

कधी ना कधी त्यांना गाडी सोडायचीच होती, असं मनाला समजावून बघितलं. मनाला पटलं नाही, पण मी तेच तेच सांगत राहिलो.

रविवार, ३ डिसेंबर

गाडी जॅकवर चढवून ट्रॅकचे पॅड काढत होतो. जुने लावून टाकले की निदान पुढचं तरी निस्तरेल, असा हिशेब. बाबा खाली कधी आले कळलंच नाही. पॅड मी घाईने फडक्यासकट मांडीखाली घेतले.

"ब्रेक खोललास?"

"बघतोय नुसतं. साफ करतोय."

ते शेजारी उकिडवे बसले. पाना पुढे केला, बोल्ट हातात धरून ठेवले. चाकावरून हात फिरवला. "कशाला उगीच त्रास घेतोस? ब्रेक चांगले आहेत. गाडीला काही झालेलं नाही. तुझ्या मनात येत असेल, बाबांवर खापर नको म्हणून काहीतरी निघतंय का बघावं. नाही निघणार रे."

पॅडची कड मांडीला टोचत होती. मी उठू शकत नव्हतो. ते जाईपर्यंत तसाच बसून राहिलो, आणि ते बराच वेळ गेले नाहीत, कारण त्यांना वाटलं मला सोबत हवी आहे.

बुधवार, ६ डिसेंबर

ही आता बसने जाते. बाबा पहाटे तिला थांब्यापर्यंत पोचवायला चालत जातात. तिथून पुढे बेकरीत. बेकरीवालीचा हात गळ्यात म्हणून शटर उघडून देतात, पिठाची पोती सरकवतात. "आपण मोडलं, आपण उचलावं," म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डोळे उत्तम. त्यामुळे आणखी खचले. डोळे चांगले म्हणजे दोष सरळ पायाचाच.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून टक् टक् आवाज येत होता. दारातून बघितलं. बाबा खुर्चीत, पायाखाली बिस्किटांच्या डब्याचं झाकण, दाबलं की टक् वाजतं ते. ही भाजी निवडता निवडता पेपर मोठ्याने वाचतेय आणि मधेच केव्हातरी "थांबा!" म्हणते. बाबा टक्.

"उशीर झाला."

"कुठे उशीर? माझं तोंड मिटायच्या आत दाबलंत की."

"तू सासऱ्याचं मन राखतेस, सूनबाई. परत घे."

दोघं हसत होती. मी पाणी प्यायला आलो होतो, न पिता परतलो.

नंतर सिंकपाशी ही मला म्हणाली, "कुणाला सांगू नको. त्या दिवशी मी ताईंची नक्कल करून दाखवत होते. बाबा खूप हसत होते. त्या नादात त्यांचं लक्ष गेलं. माझ्यामुळे झालं ते." तिचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "असं मनाला लावून घेऊ नये." मोठ्या मनाने म्हटलं. क्षमा केल्यासारखं.

हे लिहून झाल्यावर वाटतंय, पान फाडावं. पण ज्याने केलं त्याने निदान वाचायला तरी हवं.

रविवार, १० डिसेंबर

ट्रॅकवर गेलो. घरात बसवत नव्हतं. पॅड डिकीतच होते, पण लावले नाहीत. मास्तरांनी पुढचा चेपलेला बंपर बघितला.

"वडिलांकडून लागली," मी म्हटलं. "सकाळी, उतारावर. वय झालं."

मास्तर बंपरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "पॅड कोणते होते तेव्हा?"

"रस्त्याचे. काढले होते मी."

"गेल्या वेळी मी तुम्हाला काढताना बघितलं नाही."

"घरी जाऊन काढले."

ते "बरं" म्हणाले. हे "बरं" वेगळं होतं. एकही फेरी न मारता मी परत आलो. लोक माझ्याशी रोज खोटं बोलतात, त्यांना ते किती सोपं जातं, ह्याचं मला नेहमी नवल वाटायचं. आता वाटत नाही.

मंगळवार, १२ डिसेंबर

शटरच्या कामाचं बोलायला बेकरीत गेलो. बेकरीवाली एका हाताने पाव भरत होती. मी माफीचं काहीतरी पुटपुटलो, तर ती म्हणाली, "तुमच्या बाबांना जरा समजवा हो. रोज येतात आणि रोज माझी माफी मागतात. मला कसंतरी होतं. आणि चूक कसली? मी समोर होते. त्यांचं तोंड दिसत होतं मला काचेतून. रस्त्याच्या अलीकडून ते ब्रेकवर नुसते उभे होते. सीटवरून अर्धे उठले होते. दात ओठ खाऊन दाबत होते. गाडी थांबतच नव्हती, त्याला ते काय करणार?"

"हे तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"पहिल्याच दिवशी. म्हणाले, 'तुम्ही चांगल्या आहात म्हणून म्हणता. माझा पाय क्लचवर गेला असेल.'"

म्हणजे आपण काय केलं, हे स्वतःच्या पायाला माहीत असूनही त्यांनी पायावर विश्वास ठेवला नाही. माझ्या शब्दावर ठेवला. मी तपासलं ना, सर्व्हेअर मुलाने, आणि ठीक आहेत म्हणालो ना.

पाव घ्यायला विसरून घरी आलो.

बुधवार, १३ डिसेंबर

नाही सांगितलं. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काही हवंय का?" मी म्हटलं, नखं कापायचं कटर.

शुक्रवार, १५ डिसेंबर

सकाळी त्यांच्याबरोबर निघालो. हिला थांब्यावर सोडलं. बाबा म्हणाले, "आज सूर्य कुठून उगवला?" बेकरीपाशी आलो. शटर अजून वाकडंच आहे, दोघांनी मिळून उचलावं लागतं. अर्धं वर गेलं असेल तेव्हा मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी ब्रेक खराब होता."

"नव्हता. तू तपासलास."

"मी पॅड बदलले होते. ट्रॅकचे लावले होते. ते थंड असले की धरत नाहीत. मास्तरांनी बजावलं होतं, काढल्याशिवाय घरी जाऊ नका. मी काढले नाहीत."

"का?"

"आळस. दुसरं काही नाही."

शटर तसंच अर्ध्यावर. दोघांचे हात वर. ते माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे माझा पाय वेळेवर पडला होता?"

"हो."

"परत सांग."

"तुमचा पाय वेळेवर पडला होता, बाबा. आधीच पडला होता. तुम्ही ब्रेकवर उभे होता."

ते हसले. ओरडतील, निदान एक कानाखाली तरी ठेवून देतील, अशी तयारी करून मी गेलो होतो. ते हसले, तोंडभर, ह्या दोन आठवड्यांत नाहीत इतके. डोळ्यांत पाणी आलं. "तरी म्हटलं," ते म्हणाले. "तरी मला आठवत होतं. पायाच्या तळव्याला आठवत होतं रे." एवढा आनंद मी त्यांना आयुष्यात दिला नव्हता, आणि हा तर त्यांच्याचकडून चोरलेला.

मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. मंगळवारी बेकरीवालीशी बोलल्यावर उजेड पडला, असं. जिभेवर आलंही होतं.

"त्याच दिवशी. दुपारी."

हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि हळूहळू मावळलं. "मी तुला बोल्ट देत बसलो होतो," ते म्हणाले. मग माझा हात बाजूला करून उरलेलं शटर एकट्याने वर ढकललं आणि आत पोती सरकवायला गेले. मी बाहेर उभा राहिलो. बाबांनी परत बाहेर बघितलं नाही.

रविवार, १७ डिसेंबर

बाबांनी सगळ्यांना बोलावलं. ताई, बेकरीवाली आणि ही. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला म्हणाले, "उभा राहून सांग. पुटपुटू नको."

मी सांगितलं. सगळं, मांडीखालच्या फडक्यासकट.

ताईचा चहा निवून गेला. "माझ्या तोंडून बाबांना म्हातारं म्हणवलंस," ती म्हणाली, "आणि मी तुझं कौतुक करत असताना मान खाली घालून बसलास! लाज नाही वाटली?"

वाटली होती. पण लाज वाटणं ही काही करण्याची गोष्ट नव्हे, हे मला हल्ली कळलंय. ती वाटते आणि माणूस जेवायला बसतो.

बेकरीवाली बाबांना म्हणाली, "मी सांगत नव्हते?" बाबांनी मान डोलावली. त्यांनी तिला परत एकदा सांगायला लावलं, सीटवरून अर्धे उठले होते ते, ताईला नीट ऐकू जाईल असं.

हिने एकच विचारलं. "मी सिंकपाशी तुला बोलले, तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

ती उठून आत गेली. जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. अजूनही बोललेली नाही, एवढंच लिहितो. त्या बाबतीत तक्रार करायची माझी लायकी नाही.

ट्रॅकचे पॅड मास्तरांकडे नेऊन दिले. त्यांनाही खरं सांगितलं. ते म्हणाले, "माहीत होतं."

शनिवार, २३ डिसेंबर

किल्ली आठवडाभर परत खिळ्यावर आहे. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. सोमवारी गुडघा दुखत होता. बुधवारी म्हणे धुकं होतं. मला काही धुकं दिसलं नाही. काल ही म्हणाली, "बाबा, बसमध्ये उभं राहून माझे पाय गेले. उद्या तुम्ही सोडा."

"बरं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ह्यालाही घे. शेजारी बसू दे."

ही मागे, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी गाडी सुरू केली, जागेवरच ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला. बऱ्याच वेळा. मग निघालो. गल्लीचा उतार सुरू झाला तसा त्यांनी पाय ठेवला आणि गाडी मधोमध थांबली. आडवा रस्ता अजून कितीतरी खाली. पुन्हा थोडी सोडली, पुन्हा थांबवली. बेकरीवालीने ओळखून हात हलवला, त्यांचं लक्ष नव्हतं. घाम आला होता, एवढ्या थंडीत.

मोठ्या रस्त्यावर समोर सिग्नल हिरवा. ते सिग्नलच्या पुष्कळ अलीकडे थांबले.

"बाबा, हिरवा आहे."

"दिसतंय."

"तुमचा पाय ठीक आहे, बाबा. सगळ्यांना पटलंय."

"पायाचं मी कुठे काय म्हणतोय? पाय वेळेवरच पडतो." त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. "पण लागला नाही तर?"

"लागेल. रस्त्याचेच पॅड आहेत. मी स्वतः तपासलेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माझ्या शब्दाचं काय करावं हे न कळल्यासारखं.

मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. कुणीतरी काच खाली करून म्हाताऱ्याच्या नावाने ओरडलं. आयुष्यभर बस चालवलेल्या माझ्या बापाने ते ऐकलं आणि नजर समोरच ठेवली.

"मागच्यांना हात कर," ते मला म्हणाले. "म्हणावं, जा पुढे."

मी काच खाली केली, हात बाहेर काढला. एकेक गाडी बाजूने जाऊ लागली. ते थोडे पुढे गेले, थांबले, "हात कर" म्हणाले. परत थोडे पुढे, परत थांबले. नंतर नंतर त्यांना सांगावंही लागलं नाही. लॅब येईपर्यंत माझा हात बाहेरच होता. बोटं गारठून बधिर झाली, पण हात आत घ्यायची माझी छाती झाली नाही.